काजळी कुणाची?

२०२१ च्या जानेवारीत नवी मुंबईतल्या खारघरमध्ये भर रस्त्यात एक फुप्फुसांची जोडी उभी राहिली. माणसाच्या छातीत मावणार नाही एवढी मोठी, धुऊन वाळत घातलेल्या उपरण्यासारखी पांढरी. ‘वातावरण फाउंडेशन’ या संस्थेने ती उभारली होती. येणारे-जाणारे थांबून बघत आणि फोटो काढत. चार-दोन दिवसांनी तिथूनच जाताना रंग उतरल्यासारखा वाटे. दहा दिवसांत ती जोडी काळी पडली.

तिची रचना साधी होती. फुप्फुसांचा आकार हेपा गाळणीच्या कापडातून घडवलेला. हे कापड शस्त्रक्रियागृहातल्या हवेसाठी आणि घरातल्या एअर प्युरिफायरमध्ये वापरतात. त्याच्या मागे पंखे बसवले की रस्त्यावरची हवा ओढली जाते आणि हवेतली धूळ-काजळी कापडावर साचते. कलाकाराने आकार द्यायचा आणि बाजूला व्हायचं. रंगकाम शहराने करायचं. शिल्पकार मातीवर माती चढवत मूर्ती घडवतो. इथे हवेतल्या कणांवर कण चढत जातात आणि काम पुरं झालं हे शहरच ठरवतं. याला जाहिरातीचा फलक म्हणावं की शिल्प, यावर कलासमीक्षकांना हवा तेवढा वाद घालता येईल. पाहणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही.

ही कल्पना खारघरची नव्हे. ‘झटका’ या मोहिमा चालवणाऱ्या संस्थेने २०१८ च्या सुरुवातीला बंगळुरूत असा श्वास घेणारा फलक लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयाच्या आवारात तशीच फुप्फुसं उभी राहिली आणि दिवाळीच्या सुमाराला सहा दिवसांत काळवंडली. तिथून हा प्रकार शहरोशहरी पोहोचला. पुण्यात ‘परिसर’ने तो आणला. बससेवा, सायकल आणि पादचाऱ्यांचे हक्क यांसाठी वर्षानुवर्षं अहवाल लिहिणारी, महापालिकेच्या दारात चिकाटीने उभी राहणारी ही संस्था. आकडेवारीवर जिचा संसार चालतो तिलाही शेवटी कापडाची फुप्फुसं टांगावी लागली, ही गोष्ट पुण्याच्या हवेबद्दल बरंच काही सांगते. कारण हवा मोजण्याची विद्या या शहराइतकी क्वचितच कुठे मुरली असेल.

एके काळी पुण्याची हवा हीच पुण्याची मोठी मिळकत होती. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात इथे मुक्कामाला येत. गणेशखिंडीतला त्यांचा बंगला म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत. पेन्शनरांचं शहर ही ओळखही त्या हवेनेच दिली. क्षयरोग्यांसाठी औंधला उरो रुग्णालय उभं राहिलं. आणि १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचं मुख्यालयच सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या देखण्या दगडी इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, तरी चौकाचं नाव टिकलं. रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ सांगितलं की तो आजही वेधशाळेपाशी सोडतो.

वेधशाळेची नजर तेव्हा आभाळाकडे होती. मॉन्सून कधी येणार, वारा कुठल्या उंचीवर कुठे वाहतो, हे तिचे प्रश्न. पुढे पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम, १९६२ पासून काम करू लागली. सत्तरच्या दशकात हवामान खात्याने देशभरात दहा ठिकाणी हवेच्या मूळ शुद्धतेची नोंद ठेवणारी केंद्रं उभारली. पावसाच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यातली रसायनं तपासणं हा तिथला नित्यक्रम होता. त्या दहांत पुणे होतं आणि नागपूरही. हवा बिघडतेय हे पुण्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नव्हती. त्याची वही इथेच भरत होती.

मधल्या काळात शहराच्या वायव्येला वेगळीच गोष्ट घडत होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, पण तो लष्कराच्या कुंपणाआड. खरं वळण स्वातंत्र्यानंतर आलं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या शेतांत कारखान्यांच्या शेडच्या रांगा उभ्या राहिल्या. मोटारी, स्कूटर, फोर्जिंग, फाउंड्री. १९७० मध्ये तिथे नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा त्याच्याच अंगणात दुचाकी तयार होत होत्या, आणि पुढे त्या दुचाकींनीच शहराच्या हवेचा रंग बदलला. कारखान्याच्या धुरापेक्षा कारखान्यात बनलेल्या मालाचा धूर जास्त जाचक ठरावा, हा पुण्याच्या औद्योगिक इतिहासातला चमत्कारिक भाग आहे.

आयआयटीएमने ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेचा अंदाज सांगणारी यंत्रणा आधी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत उभारली आणि २०१३ मध्ये ती पुण्यात आणली. शहरात आकडे दाखवणारे विजेचे फलक लागले. सिग्नलला थांबलेल्या माणसाला सूक्ष्म धूलिकण किती हे समोर लिहिलेलं दिसू लागलं. त्याने ते वाचलं, हिरवा दिवा लागला आणि तो पुढे गेला. आकड्याने कुणाला खोकला आल्याचं ऐकिवात नाही.

पांढऱ्या वस्तूला काळं करून धूर दाखवायचा, ही युक्तीही वाटते त्याहून बरीच जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने धुराचा काळेपणा ठरवायची एक तक्तीच तयार केली. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. पहिल्या चौकटीत रेघा बारीक, पुढे जाड होत जाणाऱ्या. कोरा पांढरा म्हणजे शून्य, पूर्ण काळा म्हणजे पाच. तक्ती काही अंतरावर टांगली की रेघा डोळ्यात मिसळून राखाडी छटा दिसतात. त्यांच्याशी धुरांड्यातून निघणारा धूर ताडून पाहायचा. वीज नको, प्रयोगशाळा नको, एक निरीक्षक आणि एक कागद पुरे. कलकत्त्यात १९०५ च्या धूर-उपद्रव कायद्यानंतर अशाच छटांच्या आधारे कारखान्यांवर नजर ठेवली गेली. मुंबईचा तसा कायदा १९१२ मध्ये आला.

मुंबईत तेव्हा धुरांडं ही लाज नव्हती. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि पन्नास वर्षांत परळ-लालबागचं आभाळ धुरांड्यांनी भरलं. त्या काळच्या कारखान्यांच्या चित्रांत धुराचा लोट मुद्दाम काढलेला असे, कारण धूर म्हणजे काम चालू आहे, पगार होणार आहे. गिरणगावातल्या बाईला चुलीचा आणि गिरणीचा धूर एकाच वेळी दिसे आणि दोन्ही थांबले की तिच्या पोटात गोळा येई. गिरण्या गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलचं धुरांडं मात्र आजही मॉलच्या मधोमध उभं आहे, खालून फिरणाऱ्यांच्या सेल्फीत मागे येतं. औद्योगिक धुराचं मुंबईतलं स्मारक ते हेच म्हणायचं, फरक इतकाच की ते तसं बांधलं नव्हतं.

१९१२ च्या कायद्याची मर्यादा त्याच्या दृष्टीतच होती. दिसणारा काळा धूर तेवढा गुन्हा. रंग नसलेल्या वायूंना तो हात लावत नव्हता. नंतर चेंबूरला खत आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, लोक त्या भागाला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले, आणि तिथला त्रास रिंगेलमानच्या कुठल्याच चौकटीत बसेना. हवेसाठी देशव्यापी कायदा व्हायला १९८१ उजाडलं.

खारघरच्या फुप्फुसांनाही हाच जुना दोष चिकटलेला आहे. त्या उपनगराच्या पाठीशी तळोजाची औद्योगिक वसाहत. रसायनं, औषधं, अन्नप्रक्रिया असे नाना तऱ्हेचे कारखाने. रहिवाशांची मूळ तक्रार काजळीची नव्हती, उग्र वासाची होती, रात्री आणि पहाटे घरात शिरणाऱ्या. तो वास कापडावर उमटत नाही. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, विद्रावकांच्या वाफा पांढऱ्या कापडातून आल्या तशा निघून जातात. कापडावर राहते ती धूळ, आणि तीही मिसळलेली: बांधकामाची, डंपरची, डिझेलची, कारखान्याची, शेजारी जाळलेल्या कचऱ्याची. फुप्फुसं काळी पडली यात शंका नाही. पण काजळी कुणाची, हे ती सांगत नाहीत.

इथे रिंगेलमानचीच दुसरी कामगिरी आठवते. माणसं दोर ओढताना किती जोर लावतात हे त्याने मोजलं होतं. एकटा माणूस जेवढा ओढतो त्याहून दोघांतला प्रत्येक जण कमी ओढतो, आठांत तर आणखी कमी. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. फलकाखाली उभं राहून ‘आपण सगळेच जबाबदार आहोत’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांची भाषणं ऐकली की हा दोर डोळ्यांपुढे येतो. सगळ्यांची म्हटलेली काजळी कुणीच पुसत नाही.

आणि फुप्फुसं तरी कुणाची? फलकावरची फुप्फुसं बेवारस आहेत. त्यांना वय नाही, धंदा नाही, पत्ता नाही. तेव्हा पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेला लेख या बाबतीत डोळे उघडणारा होता. श्वसनमार्ग कायमचा अरुंद करणारा सीओपीडी हा आजार म्हणजे विडी-सिगारेटचं फळ, अशी समजूत तोवर पक्की होती. कधीही धूम्रपान न केलेल्यांतही तो मोठ्या प्रमाणावर होतो हे या लेखाने ठासून मांडलं, आणि कारणांत चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ, बाहेरची दूषित हवा यांची नावं घेतली. म्हणजे आजारी फुप्फुसाला मालक असतो. ती चुलीपुढची बाई असते, फाउंड्रीतला कामगार असतो, चौकात उभा पोलीस असतो.

मालकासकट धूर दाखवणारा एक कलावंत पुण्यातच राहतो आणि काम करतो. प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६ चा, गाव सास्ती, जिल्हा चंद्रपूर.

सास्तीची गोष्ट वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळशाची गोष्ट आहे. आनंदवनामुळे महाराष्ट्राला माहीत झालेल्या वरोऱ्यात इंग्रजांनी १८७० च्या दशकातच खाण सुरू केली आणि कोळशासाठी रेल्वेचा फाटा टाकला. मग बल्लारपूर, घुग्घुस, राजुऱ्याचा भाग. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण पुरं झालं आणि १९७५ पासून नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे हा पट्टा आला. भूमिगत खाणींच्या जोडीला खुल्या खाणी वाढल्या. खुली खाण म्हणजे शेत वरून उचलून बाजूला ठेवायचं आणि त्याखालचा कोळसा काढायचा. बाजूला ठेवलेल्या मातीचे डोंगर होतात. चंद्रपूरच्या सपाट मुलखात दिसणारे बरेचसे डोंगर निसर्गाने घडवलेले नाहीत. वर १९८० च्या दशकापासून महाऔष्णिक केंद्र आलं. त्याची आजची क्षमता २९२० मेगावॉट. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथं आलं. गुण जितके जास्त तितकी प्रकृती वाईट, अशी ही परीक्षा होती. नवी मुंबईही ७३.७७ गुणांनी अतिप्रदूषितांच्या यादीत होतीच.

पाचपुत्यांचं घर शेतकऱ्याचं. जमीन खाणीत गेली आणि घरातली माणसं खाणीत कामाला लागली, तीन पिढ्या. प्रभाकर मात्र खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिल्पकला शिकला, पुढे बडोद्याला गेला. आणि हातात काय घेतलं, तर कोळसा. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्याचं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झालं. भिंतीवर थेट कोळशाने काढलेली, भिंत संपली की कोपऱ्यातून वळून पुढे जाणारी माणसं, त्यांच्याबरोबर मातीची-लगद्याची शिल्पं. ही माणसं पुरती माणसं नसतात. धड कामगाराचं आणि मानेवर डोक्याच्या जागी अवजार, यंत्र किंवा एखादी वस्तू. ज्याने त्याला राबवलं तेच त्याच्या खांद्यावर बसलेलं. अशा चित्राखाली ‘आपण सगळे’ म्हणायची सोय राहत नाही.

प्रदर्शनाच्या नावातल्या कॅनरीची हकीगतही औद्योगिक हवेच्याच इतिहासातली. १८९६ मध्ये वेल्सच्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी तिथल्या मृतांची तपासणी केली आणि पुष्कळ जण स्फोटाने नव्हे, त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले असं दाखवलं. ना रंग, ना वास. मग त्यांनी सुचवलं की खाणीत उतरताना लहान जिवाचा, भराभर श्वास घेणारा प्राणी बरोबर न्यावा. तो माणसाच्या आधी कोलमडतो. त्यासाठी कॅनरी पक्षी वापरात आले आणि ब्रिटनच्या खाणींत ते १९८६ पर्यंत टिकले, म्हणजे बरोबर पाचपुत्यांच्या जन्मवर्षापर्यंत. श्वास घेणारं, बिघडलेल्या हवेने आपला देह पालटून दाखवणारं उपकरण या अर्थाने खारघरची फुप्फुसं कॅनरीच्याच वंशातली. पक्षी मरत असे, एवढाच काय तो फरक.

योग असा की पाचपुते पुढे वेल्सलाच पोहोचले. कार्डिफच्या ‘आर्तेस मुंडी’ या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या नवव्या खेपेला त्यांची निवड झाली. करोनाच्या वर्षात सहाही कलावंतांना तो विभागून द्यायचं ठरलं, त्यात ते एक. तिथल्या कामात त्यांनी वेल्सच्या खाणकामगारांच्या मोर्चातले निशाण-फलक आणि आपल्याकडच्या शेतकऱ्यांची आंदोलनं शेजारी आणून ठेवली. २०२२ मध्ये व्हेनिसच्या बिनालेतही त्यांचं काम होतं. सास्तीची उकरलेली जमीन अशी जगभर फिरून आली.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पाचपुत्यांची शिल्पं बघायला कलादालनात जावं लागतं, आणि सिग्नलला थांबलेला माणूस कलादालनात जात नाही. खारघरचा फलक त्याच्या अंगावर येतो. खाणीत ज्याच्या छातीत वीस-तीस वर्षं कोळशाची धूळ साचते, त्याचं फुप्फुस खरोखरच काळं पडतं, त्या रोगाला डॉक्टर न्यूमोकोनिओसिस म्हणतात. फलकाने ही गोष्ट दहा दिवसांत आणि भर चौकात करून दाखवली. ती ताकद कमी लेखण्यात अर्थ नाही. पण दोन्ही गोष्टी एका ठिकाणी येऊ शकतात हे हेलसिंकीने २००८ च्या फेब्रुवारीत दाखवलं. ‘हेहे’ या कलावंत जोडीने तिथल्या साल्मिसारी या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरांड्यातून निघणाऱ्या लोटावर रात्री हिरव्या लेझरने रेघ ओढली. सगळ्या शहराला तो ढग दिसत होता, आणि कुठल्या धुरांड्याचा आहे हेही दिसत होतं. शेजारच्या वस्तीने विजेचा वापर घटवला की हिरवी आकृती मोठी होई. वीज कंपनी त्यात सामील होती. धुराला मालकही मिळाला आणि गिऱ्हाईकही.

महाराष्ट्राकडे असं करायला लागणारी सामग्री नाही असं नाही. २०१७ च्या जूनमध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोठ्या कारखान्यांच्या धुरांड्यांतल्या धूलिकणांच्या मोजणीवरून त्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, आणि कारखान्यांच्या नावांसकट ते संकेतस्थळावर मांडले. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला तेव्हा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत राज्याची सतरा शहरं होती. पुणे त्यात, नवी मुंबई त्यात, चंद्रपूरही त्यात. फुप्फुसं टांगणारे, तारे देणारे आणि कोळशाने चित्र काढणारे आपापल्या वाटेने एकाच गोष्टीकडे चालले आहेत, पण एकमेकांना फारसे भेटत नाहीत.

भोसरीच्या किंवा तळोजाच्या नाक्यावर पुढची फुप्फुसं जे कुणी उभारतील त्यांनी खाली हातभर जागा मोकळी ठेवावी. त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा, त्या दिशेला असलेल्या कारखान्यांची नावं आणि त्यांना मिळालेले तारे तिथे लिहावेत. फलक लावण्याआधी एखाद्या वकिलालाही गाठून ठेवावं, कारण नाव लिहिलं की नोटीस यायला दहा दिवससुद्धा लागत नाहीत.